वेग, स्थैर्य आणि मर्यादा : स्पोर्ट्स मोटारींचे विज्ञान व धोरण

शक्तिशाली स्पोर्ट्स मोटारीची ओळख बहुधा दोन आकड्यांनी करून दिली जाते. पहिला आकडा इंजिनाच्या अश्वशक्तीचा व दुसरा कमाल वेगाचा. त्या कमाल वेगाला मोटार रस्त्यावर किती स्थिर राहते, हा प्रश्न मात्र ग्राहकाकडून क्वचितच विचारला जातो. वस्तुतः अभियांत्रिकीच्या दृष्टीने तोच अधिक अवघड प्रश्न आहे. जास्त वेग मिळवणारे इंजिन तयार करणे हे आजच्या तंत्रज्ञानाला तुलनेने सोपे झाले आहे. पण त्या वेगाला चार टायर, हवा आणि मानवी प्रतिक्रिया यांचा मेळ टिकवून ठेवणे कठीण आहे. म्हणूनच अनेक मोटारींचा कमाल वेग त्यांच्या इंजिनाच्या कुवतीपेक्षा कमी ठेवण्यात येतो. हे काम करणाऱ्या व्यवस्थेला गतिमर्यादक म्हणतात. अतिवेगातील स्थैर्य आणि गतिमर्यादक यांचे परस्परसंबंध समजून घेतल्यास भौतिकशास्त्राचे मूलभूत नियम आणि रस्ता सुरक्षेचे सार्वजनिक धोरण या दोन्हींचा अभ्यास एकत्र होऊ शकतो.

वेगाच्या वर्गाचा नियम

मोटारीची गतिज ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १,५०० किलोग्रॅम वजनाच्या मोटारीची गतिज ऊर्जा ताशी १०० किलोमीटर वेगाला सुमारे ५.८ लाख ज्यूल असते. ताशी २५० किलोमीटर वेगाला ती सुमारे ३६ लाख ज्यूल होते. वेग अडीच पट, तर ऊर्जा सव्वासहा पट वाढते. ब्रेक लावल्यावर ही सर्व ऊर्जा उष्णतेत रूपांतरित व्हावी लागते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दर सेकंदाला ८ मीटर प्रतिसेकंद एवढा वेग कमी होतो असे मानल्यास, ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबण्यास सुमारे ४८ मीटर, तर ताशी २५० किलोमीटर वेगावरून थांबण्यास सुमारे ३०० मीटर अंतर लागते. धोका लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद यात धरलेला नाही. त्या एका सेकंदात दुसरी मोटार आणखी ६९ मीटर पुढे गेलेली असते.

हवेचा रोधही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटरच्या तुलनेत ताशी ४०० किलोमीटर वेगाला हवा कापण्यासाठी ६४ पट शक्ती लागते. २००५ मध्ये बाजारात आलेल्या बुगाटी व्हेरॉन या मोटारीला ताशी ४०७ किलोमीटर वेग गाठण्यासाठी हजारांहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन का लागले, याचे उत्तर या नियमात आहे.

मोटार अस्थिर का होते?

वळणावर मोटारीला वर्तुळाकार मार्गावर ठेवण्यासाठी केंद्राभिमुख बल लागते. हे बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. आवश्यक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उपलब्ध बल मात्र टायरवर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. येथे हवेची दुसरी भूमिका सुरू होते. मोटारीच्या गोलाकार छतावरून वाहणारी हवा वेग घेते, तिचा दाब कमी होतो आणि मोटारीवर वरच्या दिशेने उत्थापक बल निर्माण होते. विमानाच्या पंखाला उचलणारे तत्त्व हेच आहे. हे बलही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग वाढत असताना एकीकडे पकडीची गरज वाढत जाते आणि दुसरीकडे टायरवरील भार घटून पकड कमी होत जाते. शहरातील वेगाला हा परिणाम जाणवतही नाही; ताशी २०० किलोमीटरच्या आसपास तो निर्णायक ठरू शकतो.

उत्थापक बल पुढच्या व मागच्या चाकांवर सारखे नसेल तर प्रश्न अधिक गंभीर होतो. पुढच्या चाकांची पकड आधी सुटली तर मोटार सरळ जाऊ पाहते. चालक वेग कमी करून तिला सावरू शकतो. मागच्या चाकांची पकड आधी सुटली तर मोटारीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि ती स्वतःभोवती फिरू लागते. सामान्य चालकाला ही स्थिती सावरणे जवळजवळ अशक्य असते. त्यातच वळणावर घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर भार पुढच्या चाकांकडे सरकतो आणि आधीच हलकी झालेली मागची चाके आणखी हलकी होतात. याखेरीज वेग वाढतो तशी मोटारीची डावी-उजवी डोलण्याची हालचाल आपोआप शांत करण्याची क्षमताही घटत जाते. कमी वेगात सहज पार पडणारा मार्गिका बदल अतिवेगात धोक्याचा ठरतो, तो या कारणांनी.

तिसरा घटक टायरचा. फिरणाऱ्या टायरचा जमिनीला टेकणारा भाग दर फेरीला दबतो व पुन्हा पूर्ववत होतो. विशिष्ट वेगाच्या पुढे तो पूर्ववत होण्याआधीच पुन्हा दबण्याची वेळ येते. त्यामुळे टायरवर स्थिर तरंग निर्माण होतात, उष्णता झपाट्याने वाढते आणि टायर फुटू शकतो. यासाठी टायरवर वेगश्रेणीचे अक्षर छापलेले असते. एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३०० किलोमीटरपर्यंतचा वेग. योग्य हवा भरलेल्या, सुस्थितीतील टायरलाच हे आकडे लागू होतात.

ऑडी टीटीचा धडा

या तत्त्वांचे अत्यंत महत्त्वाचे उदाहरण जर्मनीत घडले. ऑडी कंपनीने १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात टीटी या मोटारीचा नमुना सादर केला आणि १९९८ मध्ये ती विक्रीस आणली. घुमटासारखे छत आणि उतरता, गोलाकार मागचा भाग यांमुळे तिच्या रचनेचे जगभर कौतुक झाले. मागच्या बाजूला हवेचा प्रवाह तोडणारा स्पॉयलर तिच्यावर नव्हता. त्यानंतर युरोपात या मोटारीच्या अतिवेगातील अपघातांची मालिका घडली आणि त्यांत काही जणांचा मृत्यू झाला. हे अपघात प्रामुख्याने ताशी १८० किलोमीटरहून अधिक वेगाला, अचानक मार्गिका बदलताना किंवा तीव्र वळण घेताना घडल्याचे समोर आले.

१९९९ च्या अखेरीस व २००० च्या सुरुवातीस कंपनीने या मोटारी परत बोलावल्या. सुधारणा तीन प्रकारच्या होत्या. मागील उत्थापक बल कमी करण्यासाठी स्पॉयलर देण्यात आला. अतिवेगात मोटारीचे वर्तन चालकाला आधी ओळखता यावे म्हणून सस्पेन्शनच्या रचनेत बदल करण्यात आले. इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण प्रणालीचाही समावेश करण्यात आला. पुढील उत्पादनात या सर्व सुधारणा कायम ठेवण्यात आल्या.

या प्रकरणातील एक बाब धोरणाच्या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगी आहे. त्या काळी जर्मन उत्पादकांमध्ये ताशी २५० किलोमीटर ही स्वयंघोषित मर्यादा प्रचलित होती. टीटीच्या २२५ अश्वशक्तीच्या प्रकाराचा कमाल वेग ताशी सुमारे २४३ किलोमीटर, म्हणजे त्या मर्यादेच्या आतच होता. तरीही मोटार असुरक्षित ठरली. अर्थात, सर्व मोटारींसाठी ठरवलेला एक आकडा विशिष्ट मोटारीच्या स्थैर्याची हमी देऊ शकत नाही. प्रत्येक मोटारीची सुरक्षित मर्यादा तिच्या आकारावर, वजनाच्या विभागणीवर, सस्पेन्शनवर व टायरवर अवलंबून असते.

स्थैर्य नियंत्रण प्रणालीचे कार्य

इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण प्रणाली १९९५ मध्ये बॉश व मर्सिडीज-बेंझ यांनी प्रथम एस-क्लास श्रेणीच्या मोटारीत आणली. स्टीअरिंगचा कोन, प्रत्येक चाकाचा वेग, आडवे त्वरण आणि मोटार उभ्या अक्षाभोवती किती वेगाने फिरते आहे, यांची नोंद संवेदक सतत घेत असतात. चालकाला जायची दिशा आणि मोटार प्रत्यक्ष जात असलेली दिशा यांत तफावत आढळताच प्रणाली एखाद्याच चाकाला ब्रेक लावते व गरजेनुसार इंजिनाची शक्ती कमी करते. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर वळणाच्या बाहेरील पुढच्या चाकाला ब्रेक लावून मोटार पुन्हा मार्गावर आणली जाते.

१९९७ मध्ये स्वीडनमधील एका मोटार नियतकालिकाने घेतलेल्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास मोटार अडथळा चुकवताना उलटली. त्यानंतर कंपनीने या छोट्या मोटारीतही ही प्रणाली सरसकट बसवली. महागड्या गाड्यांपुरते असलेले तंत्रज्ञान सर्वसामान्यांच्या मोटारींपर्यंत पोहोचण्यास या घटनेने गती मिळाली. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ही प्रणाली सक्तीची झाली. तथापि ही प्रणाली घर्षण निर्माण करू शकत नाही. उपलब्ध घर्षणाचा उत्तम वापर तेवढा करते. ओल्या रस्त्यावर ताशी २०० किलोमीटर वेगाला टायरची पकडच संपली असेल, तर संगणकाच्या हाती फारसे काही उरत नाही. येथेच गतिमर्यादकाची आवश्यकता निर्माण होते.

गतिमर्यादक : तंत्र आणि करार

आधुनिक मोटारीत गतिमर्यादक हा वेगळा यांत्रिक भाग नसतो. इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकातील तो एक आदेश असतो. चाकांच्या संवेदकांकडून वेगाची माहिती मिळते व ठरलेली मर्यादा जवळ येताच इंजिनाला जाणारी हवा व इंधन नियंत्रित केले जाते. ही घट टप्प्याटप्प्याने व्हावी लागते. कारण अतिवेगात शक्ती एकदम तोडली तर भार पुढे सरकून मोटार अस्थिर होण्याचा धोका संभवतो. दुसरे असे की, साधा गतिमर्यादक इंजिनाला रोखतो, ब्रेक लावत नाही. त्यामुळे तीव्र उतारावर मोटार मर्यादेपलीकडे जाऊ शकते.

ही मर्यादा कोण ठरवतो, याची उत्तरे देशोदेशी वेगळी आहेत. जर्मनीत महामार्गांच्या अनेक भागांवर सक्तीची वेगमर्यादा नाही. १९७८ पासून ताशी १३० किलोमीटर हा केवळ शिफारस केलेला वेग आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी निर्बंधांची चर्चा वाढू लागली, तेव्हा बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ आणि ऑडी यांनी आपल्या मोटारी ताशी २५० किलोमीटरवर रोखण्याचा अलिखित संकेत पाळण्यास सुरुवात केली. पोर्शे या संकेतात सहभागी झाली नाही. कालांतराने अधिक पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला वाढीव मर्यादा देण्याची प्रथाही सुरू झाली. बीएमडब्ल्यूच्या काही मोटारींत अशा सुविधेबरोबर चालकाच्या प्रशिक्षणाचाही समावेश असतो.

जपानमध्ये उत्पादकांनी देशांतर्गत बाजारासाठी ताशी १८० किलोमीटर वेग आणि २८० अश्वशक्ती अशा दोन मर्यादा स्वतःवर घालून घेतल्या होत्या. त्यांपैकी शक्तीची मर्यादा २००४ मध्ये मागे घेण्यात आली. २००७ मध्ये आलेल्या निस्सान जीटी-आर या मोटारीत मात्र वेगळा मार्ग अवलंबण्यात आला. उपग्रहाच्या साहाय्याने मोटार मान्यताप्राप्त शर्यतीच्या मैदानावर असल्याची खात्री पटल्यावरच ताशी १८० किलोमीटरची मर्यादा उठवता येते. मर्यादा मोटारीशी बांधण्याऐवजी स्थळाशी बांधण्याची ही कल्पना पुढे फार महत्त्वाची ठरली.

बुगाटीचे उदाहरण मर्यादेची तांत्रिक बाजू स्पष्ट करते. व्हेरॉन ताशी सुमारे २२० किलोमीटर वेगाला आपोआप जमिनीकडे झुकते व मागचा पंख वर येतो. ताशी ३७५ किलोमीटरच्या पुढे जायचे असल्यास मोटार थांबवून दुसरी किल्ली फिरवावी लागते; मग ती आणखी खाली बसते व हवेचा रोध कमी करण्यासाठी पंख जवळपास मिटून घेते. २०१० मध्ये तिच्या सुपर स्पोर्ट या प्रकाराने ताशी ४३१.०७२ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. ग्राहकांना दिलेल्या मोटारी मात्र टायरच्या सुरक्षिततेसाठी ताशी ४१५ किलोमीटरवर रोखण्यात आल्या. विक्रमाच्या मोटारीतील गतिमर्यादक काढलेला होता, या कारणाने २०१३ मध्ये गिनीजने हा विक्रम स्थगित केला आणि गतिमर्यादकातील बदलाने मोटारीची मूळ रचना बदलत नाही, असा निष्कर्ष काढून तो पुन्हा मान्य केला. इंजिन तेच, मोटार तीच. फरक केवळ संगणकातील एका आदेशाचा होता. ती मर्यादा इंजिनाची नव्हती, टायरची होती.

ऐच्छिक संकेताकडून कायद्याकडे

गेल्या काही वर्षांत भर स्वयंघोषित मर्यादेकडून नियमनाकडे सरकला आहे. व्होल्व्हो कंपनीने २०२० पासून आपल्या सर्व नव्या मोटारी ताशी १८० किलोमीटरवर रोखल्या. युरोपीय संघाने ‘बुद्धिमान वेग साहाय्य’ प्रणाली जुलै २०२२ पासून नव्या प्रकारच्या आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची केली. ही प्रणाली कॅमेरा व नकाशांच्या आधारे त्या त्या रस्त्याची वेगमर्यादा ओळखते आणि चालकाला सूचना देते. अंतिम नियंत्रण मात्र चालकाकडेच राहते.

भारतातील स्थिती निराळी आहे. आपल्याकडील अपघातांत स्पोर्ट्स मोटारींचा वाटा अल्प असला तरी वेगाचा प्रश्न तीव्र आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि त्यांपैकी ७१.२ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदवले गेले. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार यंत्रचलित वाहने हा समवर्ती सूचीतील विषय आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ मध्ये वेगमर्यादेची आणि कलम १८३ मध्ये अतिवेगासाठी शिक्षेची तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११८ गतिनियंत्रकाशी संबंधित असून २०१५ च्या अधिसूचनेने व्यावसायिक वाहतुकीच्या अनेक वाहनांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा घालण्यात आली. खासगी मोटारींच्या बाबतीत इशाऱ्याचा मार्ग निवडला गेला. १ जुलै २०१९ पासून उत्पादित मोटारींत ताशी ८० किलोमीटरच्या पुढे अधूनमधून व १२० च्या पुढे सतत ध्वनी देणारी यंत्रणा सक्तीची आहे.

वेगमर्यादा किती असावी, यावर न्यायालयीन विचारही झाला आहे. केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये द्रुतगती मार्गांवर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा अधिसूचित केली. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. महाराष्ट्रातील समृद्धी महामार्गाची आखणी ताशी १५० किलोमीटर वेगासाठी झाली असून मोटारींना अनुज्ञेय वेग १२० ठेवण्यात आला. रस्त्याचा आखणी वेग, मोटारीचा कमाल वेग, टायरची वेगश्रेणी आणि कायदेशीर मर्यादा या चार भिन्न बाबी आहेत, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. या चारांतील सर्वांत लहान आकडा हीच मोटारीची खरी मर्यादा होय; पाऊस, धुके वा झिजलेला टायर तिला आणखी खाली आणतो.

ऑडी टीटीसारख्या प्रसंगी शासनाने काय करावे, याचे उत्तर २०१९ च्या सुधारणा अधिनियमाने दिले आहे. त्यातील कलम ११०-अ नुसार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र शासनाला प्राप्त झाला. मूळ अधिनियमातील कलम ५२ वाहनात अनधिकृत फेरबदल करण्यास मनाई करते. संगणकीय आदेश बदलून गतिमर्यादक निकामी करणे आता सहजसाध्य झाल्याने या कलमाचे महत्त्व वाढले आहे. चाचणीच्या क्षेत्रात पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था कार्यरत आहे. इंदूरजवळ पीथमपूर येथे जून २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेग चाचणी मार्गाचे उद्घाटन झाले. त्यामुळे अतिवेगातील स्थैर्याची चाचणी देशातच करणे शक्य झाले आहे.

समारोप

स्थैर्य नियंत्रण प्रणाली आणि गतिमर्यादक ही परस्परांची जागा घेणारी साधने नाहीत. पहिली उपलब्ध पकडीचा योग्य वापर करते, तर दुसरा ती पकड संपण्याआधी मोटारीला थांबवतो. ताशी २५० किलोमीटरवर रोखलेली मोटार ताशी ६० किलोमीटरच्या घाटातील वळणावर चालकाचे रक्षण करू शकत नाही. त्यासाठी रस्त्यानुसार बदलणारी मर्यादा, प्रभावी अंमलबजावणी आणि वेगाच्या वर्गाचा नियम समजणारा चालक यांची जोड आवश्यक आहे. देशात द्रुतगती मार्गांचे जाळे विस्तारत असताना आणि अधिक शक्तीच्या मोटारी सर्वसामान्यांच्या आवाक्यात येत असताना, कमाल वेगाच्या आकड्याबरोबरच त्या वेगातील स्थैर्याचा तपशीलही ग्राहकासमोर येणे गरजेचे आहे. टीटीच्या अपघातांत बळी गेलेल्या प्रवाशांना ही माहिती मोटारीच्या कोणत्याही माहितीपत्रकात मिळाली नव्हती.